पुस्तक दिसतंय पण उघडत नाही: ऑनलाइन ग्रंथालयांतल्या नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

सोलापूरच्या कापड गिरण्या, पद्मशाली विणकर, १९३० चा मार्शल लॉ, सेटलमेंटमधल्या वस्त्या, पंढरीची वारी. यांतल्या कोणत्याही विषयावर काम सुरू केलं की पहिल्या महिन्याभरातच इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयाकडे किंवा त्याच्याच ओपन लायब्ररीकडे वळावं लागतं. आणि तिथे गेल्यावर तक्रारी ठरलेल्या असतात. पुस्तक सापडतं, मुखपृष्ठ दिसतं, पण ‘बॉरो’ होत नाही, म्हणजे उसनं मिळत नाही. झालंच तर अर्ध्यात परत जातं. डाउनलोड केलं तर उघडत नाही. मराठी पुस्तक असूनही शोधात येत नाही. मग साइट बिघडली असं धरून लोक खातं नव्यानं काढतात, फोन बदलतात, दोन दिवस घालवतात.

यांतल्या बहुतेक प्रसंगी साइट ठीक असते. पुस्तक नेमकं कोणत्या अवस्थेत आहे, हे न बघता उपाय सुरू झालेला असतो.

आधी बटण वाचा

आर्काइव्हच्या पानावर पुस्तकाच्या चित्राच्या वरची पट्टी आणि खालची ‘डाउनलोड ऑप्शन्स’ची यादी एवढं पाहिलं तरी निम्मा उलगडा होतो. पट्टीच नसेल आणि यादीत पीडीएफ असेल, तर पुस्तक पूर्ण खुलं आहे. उसनं घेण्याचा प्रश्नच नाही, सरळ उतरवून घ्या. ‘बॉरो फॉर वन अवर’ दिसत असेल तर ते एका तासासाठी मिळेल. वेटलिस्ट दिसत असेल तर प्रती दुसऱ्या वाचकांकडे आहेत. ‘बॉरो अनअव्हेलेबल’ किंवा नुसता मर्यादित प्रिव्ह्यू दिसत असेल, तर ते पुस्तक उसनं मिळणं बंद झालेलं आहे.

ही शेवटची अवस्था सगळ्यात जास्त गोंधळ घालते, कारण काही वर्षांपूर्वी तेच पुस्तक मिळत होतं आणि वरिष्ठ संशोधकांच्या टिपणांत त्याचा दुवाही असतो. कारण कोर्टातलं आहे. आर्काइव्ह विकत किंवा देणगीत मिळालेल्या छापील प्रतीचं स्कॅन करून, एका प्रतीमागे एका वेळी एकाच वाचकाला ते देत असे. लॉकडाउनच्या काळात, मार्च २०२० मध्ये, त्यांनी ही एकास-एकची अट तात्पुरती उठवली. जूनमध्ये अशेट, हार्परकॉलिन्स, वायली आणि पेंग्विन रँडम हाउस या चार प्रकाशकांनी दावा लावला. मार्च २०२३ मध्ये निकाल आर्काइव्हच्या विरोधात गेला आणि ४ सप्टेंबर २०२४ रोजी अपिलातही तो कायम राहिला. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली.

तेव्हा अशा पुस्तकासाठी नवं खातं, दुसरा ब्राउझर किंवा व्हीपीएन यांपैकी कशाचाही उपयोग नाही. उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी. पहिली, पुस्तकाच्या आत शोधण्याची सोय. ती अशा बऱ्याच पुस्तकांत चालू असते. ‘शोलापूर’ टाकलं की शब्द कोणत्या पानांवर आहे ते कळतं, आजूबाजूची एखादी ओळही दिसते. पानांचे आकडे हाती आले की छापील प्रत कुठे आहे एवढंच शोधायचं उरतं. दुसरी, त्याच पुस्तकाची वेगळी नोंद. एकाच ग्रंथाची तीन-चार स्कॅन वेगवेगळ्या ग्रंथालयांकडून आलेली असतात आणि एक बंद असलं तरी दुसरं मिळतं. ओपन लायब्ररीत शीर्षकाखाली आवृत्त्यांची यादी असते, ती शेवटपर्यंत पाहा.

दृष्टिबाधित वाचकांचा मार्ग वेगळा आहे. पात्रता नोंदवलेल्या वाचकांना आर्काइव्हवर बंद पुस्तकंही मिळतात. आपल्याकडे २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे त्यांच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. असा विद्यार्थी तुमच्या विभागात असेल तर ही माहिती त्याच्यापर्यंत पहिल्याच आठवड्यात पोचवा. ती सहसा कुणी सांगत नाही.

‘बॉरो’ दाबलं की पुन्हा लॉगिनच विचारतं

हा मात्र खरा तांत्रिक दोष, आणि तो बहुधा आपल्याच बाजूला असतो. ओपन लायब्ररी ही यादी आहे. पुस्तक प्रत्यक्षात आर्काइव्ह डॉट ऑर्गवर असतं. लॉगिनची खूण एकीकडून दुसरीकडे कुकीतून, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीतून, जाते. ब्राउझरने कुकी अडवली की तुम्ही आत असूनही बाहेरचे ठरता.

उपाय या क्रमाने करा. आधी सरळ आर्काइव्ह डॉट ऑर्गवर लॉगिन करा, आणि त्याच ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये पुस्तक उघडा. तरीही फेरा चालू असेल तर खासगी खिडकीत नाही ना ते बघा, जाहिरात अडवणारं एक्स्टेंशन या साइटपुरतं बंद करा, आणि त्या दोन साइटच्याच कुकी पुसून पुन्हा लॉगिन करा. सगळ्या कुकी पुसायची गरज नाही. संगणकाची तारीख आणि वेळही तपासा. लॅबमधल्या जुन्या मशीनची आतली बॅटरी गेलेली असते, चालू केलं की तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते, आणि मग सुरक्षित साइटही धड उघडत नाहीत आणि उसनवारीची मुदतही चुकीची मोजली जाते.

फोनवर आणखी एक फसगत होते. टेलिग्राम किंवा फेसबुकवर आलेला दुवा दाबला की पुस्तक त्या अ‍ॅपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे तुमचं लॉगिन नसतं. वरच्या तीन टिंबांतून ‘क्रोममध्ये उघडा’ निवडा.

पासवर्ड चालतच नसेल आणि खातं जुनं असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला, सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती बाहेर गेली आणि साइट काही दिवस बंद होती. त्यानंतर पासवर्ड बदलला नसेल तर आज बदला, आणि तोच पासवर्ड ईमेलला वापरत असाल तर तिथेही बदला.

चार मित्रांत एक खातं ठेवू नका. उसनवारी खात्यावर नोंदते. एकाने ‘रिटर्न’ दाबलं की दुसऱ्याच्या हातातलं पुस्तकही गेलं. खातं फुकट आहे, प्रत्येकाने आपापलं काढावं. पडताळणीचं पत्र आलं नाही तर स्पॅममध्ये पाहा. त्यातला दुवा दाबल्याशिवाय उसनवारी चालू होत नाही.

तास संपतो आणि पान पुसट होतं

बहुतेक पुस्तकं एका तासासाठीच मिळतात. ज्यांच्या जास्त प्रती आहेत अशी थोडीच १४ दिवसांसाठी मिळतात. तास संपत आला तेव्हा तुम्ही पानं उलटत असाल तर मुदत पुढे सरकते. एकच पान उघडं ठेवून वहीत उतरवत बसलात तर वाचक उठून गेला असं धरून पुस्तक परत जातं. लिहिताना मधूनमधून पान पुढे-मागे करत राहा, एवढा साधा उपाय आहे.

वेळ कोणती निवडता यानेही फरक पडतो. या ग्रंथालयाचे पुष्कळ वाचक अमेरिकेत आहेत. सोलापुरात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात, म्हणजे तिथला अभ्यासाचा दिवस सुरू होतो. आपण जेवण उरकून रात्री दहाला बसतो ती गर्दीची वेळ. दुपारी बारा ते पाच या वेळात अमेरिकेचे दोन्ही किनारे झोपलेले असतात. मागणीतलं पुस्तक तेव्हा धरा.

तासाची वाटणी आधी ठरवून घ्या. पहिल्या पाच मिनिटांत शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान: लेखक, प्रकाशक, स्थळ, वर्ष, आवृत्ती. हे शेवटी करू म्हणणाऱ्यांच्या संदर्भसूचीत हमखास भोकं राहतात. पुढची दहा मिनिटं अनुक्रमणिका, शेवटची सूची आणि आतला शोध यांना द्या आणि लागणाऱ्या पानांचे आकडे कागदावर लिहा. मग चाळीस मिनिटं फक्त त्या पानांवर. राहिलेल्या पाचांत पुस्तकाच्या पानाचा पत्ता टिपणात चिकटवा आणि काम झालं असेल तर ‘रिटर्न’ दाबा. रांगेत कुणीतरी असतं.

पानं अडखळत उघडत असतील तर लघुचित्रांचा देखावा बंद ठेवा, दोन पानांऐवजी एक पान निवडा, आणि मोठं करणं अक्षर वाचता येईल एवढ्यापुरतंच ठेवा. प्रत्येक वाढीला नवं, जड चित्र मागवलं जातं. फोनच्या डेटावर हा फरक लगेच जाणवतो.

डाउनलोड झालं ते पुस्तकच नाही

१४ दिवसांच्या पुस्तकांना आणि इतर बऱ्याच ई-ग्रंथालयांत कुलूपबंद फाइल मिळते. हाती येते ती ‘एसीएसएम’ नावाची काही केबींची फाइल. ती पुस्तक नसून पुस्तक आणण्याची चिठ्ठी आहे. साध्या पीडीएफ वाचकात टाकली तर ‘फाइल खराब आहे’ असंच म्हणणार. तिला अडोबी डिजिटल एडिशन्स लागतं.

ते बसवून ‘हेल्प’ मेनूतल्या ‘ऑथराइज कम्प्युटर’मधून अडोबीच्या खात्याने संगणक नोंदवा, मगच चिठ्ठी उघडा. क्रम उलटा झाला, किंवा आधी दुसऱ्याच खात्याने उघडली, तर ‘ऑलरेडी फुलफिल्ड बाय अनदर यूजर’ असा निरोप येतो. ती चिठ्ठी पुन्हा चालत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबून जुनी नोंदणी काढा, बरोबर खात्याने नोंदवा आणि ग्रंथालयातून नवी चिठ्ठी घ्या. एका खात्यावर सहा यंत्रांची मर्यादा आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये दर वेळी वेगळ्या मशीनवर नोंदवत गेलात तर ती एका सत्रात संपते, म्हणून लॅब सोडताना नोंदणी काढायची सवय ठेवा.

फाइलच्या शेवटी ‘एलसीपीएल’ असेल तर कुलूप दुसऱ्या जातीचं आहे. त्यासाठी थोरियम रीडर हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते लिनक्सवरही चालतं. कुलूप तोडणारी साधनं नेटवर मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. उसनवारी उघडी राहावी म्हणून कोर्टात एवढी झुंज दिली गेली, तिला खालून सुरुंग लावल्यासारखं होतं.

सोलापूर टाकलं की काहीच येत नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, आणि थोडी माहिती असेल तर सगळ्यात जास्त कमाईही इथेच होते.

इंग्रजी कागदपत्रांत आपलं गाव ‘शोलापूर’ आहे, एसच्या पुढे एच. कंपनी सरकारच्या काळातल्या मजकुरात शेवटी दोन ‘ओ’ असलेलं रूपही भेटतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा आपल्या जिल्ह्याचा विसावा खंड १८८४ चा आहे, तोही शोलापूर नावाचाच. त्यातही काही स्कॅनच्या शीर्षकात जिल्ह्याचं नावच नसतं, फक्त ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ आणि रोमन अंकांत खंड क्रमांक, म्हणजे दोन एक्स. तसं शोधून पाहा. अक्कलकोट शोधताना एका ‘के’चं रूपही टाका.

मराठी पुस्तकांचा मोठा साठा डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या जुन्या प्रकल्पातून आर्काइव्हवर आलेला आहे. ही पुस्तकं खुली आहेत, उसनी घ्यावी लागत नाहीत, पण त्यांची नावं देवनागरीत क्वचितच सापडतात. नोंद करणाऱ्यांनी रोमन लिपीत एक खास पद्धत वापरली: दीर्घ ‘आ’साठी दोन ‘ए’, दीर्घ ‘ई’साठी दोन ‘आय’, आणि ट-ठ-ड दाखवायला अक्षरानंतर वरचा स्वल्पविराम. म्हणून ‘महाराष्ट्र’ आपण नेहमी लिहितो त्या स्पेलिंगने शोधलं की ही पुस्तकं निसटतात. एकच शीर्षक चार तऱ्हांनी शोधा: देवनागरीत, साध्या रोमनमध्ये, दुहेरी स्वरांच्या रोमनमध्ये, आणि शब्दाच्या सुरुवातीची चार-पाच अक्षरं लिहून पुढे तारांकन देऊन. लेखकाच्या आडनावानेही तसंच. भाषेच्या गाळणीवर पूर्ण विसंबू नका. काही नोंदींत भाषेचं पूर्ण नाव आहे, काहींत तीन अक्षरी कोड, आणि काहींत चुकून हिंदी किंवा संस्कृत. सोलापूरच्या विषयांना तर तेलुगू आणि कन्नड पुस्तकंही लागतात, त्यांचीही हीच गत आहे.

फक्त खुली पुस्तकं हवी असतील तर शोधाच्या डाव्या पट्टीत उपलब्धतेखाली ‘ऑल्वेज अव्हेलेबल’ निवडा. या प्रकल्पातलं स्कॅन उतरवल्यावर लगेच पानं मोजा. पानं सुटलेली, दोनदा आलेली, कापली गेलेली असतात. मधलं प्रकरण नाही हे प्रबंध लिहिताना कळून उपयोग नाही.

आतला शोध मराठी शब्दावर चालत नसेल तर पुस्तकाची ‘फुल टेक्स्ट’ फाइल उघडा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसला, तर यंत्राने मजकूर चुकीच्या भाषेत ओळखला आहे. आर्काइव्हचं जुनं अक्षरओळख सॉफ्टवेअर देवनागरी वाचत नव्हतं. २०२० च्या सुमारास त्यांनी टेसरॅक्ट हे दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, ते वाचतं. जुनं स्कॅन असेल तर खुल्या पुस्तकाची लागणारी पानं वेगळी काढून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा. फाइल २ एमबीच्या आत ठेवा, म्हणजे एका वेळी थोडीच पानं. जोडाक्षरं आणि अनुस्वार हाताने तपासावे लागतात; शिळाप्रेसवरच्या पुस्तकांना हा उपाय लागू पडत नाही, ती डोळ्यांनीच वाचायची.

आणि परदेशी साइटवर तासभर झगडण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. मंडळाची कितीतरी प्रकाशनं तिथे पीडीएफमध्ये मोफत आहेत, लॉगिनशिवाय.

केगावला उघडतं, घरी नाही

केगावला विद्यापीठाच्या आवारात एखादं नियतकालिक उघडतं आणि जुळे सोलापुरात घरी आलं की पैसे मागतं, याचं कारण म्हणजे आवारात ओळख नेटवर्कच्या पत्त्यावरून होते. घरून पाहायचं तर संस्थेच्या खात्याने, इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या ‘इन्फेड’ या लॉगिन-सोयीमार्गे आत शिरावं लागतं. प्रकाशकाच्या साइटवर संस्थेमार्फत लॉगिनचा पर्याय निवडून आपल्या संस्थेचं नाव शोधा. यादीत नाव नसेल किंवा खातं मिळालेलं नसेल तर ग्रंथपालांकडेच जावं लागेल. दुसऱ्या कुणाच्या हातात ते नाही.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं आहेत. ती योजना नियतकालिकांची आहे, पुस्तकांची नाही. त्यामुळे त्याच प्रकाशकाचं पुस्तक बंद दिसलं तर तक्रार करून उपयोग नाही. ई-पुस्तकांसाठी अनुदानित महाविद्यालयांना इन्फ्लिबनेटचं ‘एन-लिस्ट’ आहे. त्याचं खातं महाविद्यालयामार्फत मिळतं, आणि बंद पडलं तर बहुधा नूतनीकरण राहिलेलं असतं. पासवर्ड बदलत बसण्याआधी ते विचारा.

नॅशनल डिजिटल लायब्ररीवर पुस्तक दिसतं पण दुवा मेलेला निघतो, ही आणखी एक तक्रार. ते मुख्यतः सूची आहे, ग्रंथ मूळ संस्थेकडे असतो. नोंदीतलं शीर्षक आणि मूळ संस्थेचं नाव घ्या आणि तिथेच थेट शोधा.

हाथीट्रस्टवर ‘सर्च ओन्ली’

हाथीट्रस्ट हा मुख्यतः अमेरिकेतल्या ग्रंथालयांचा एकत्र डिजिटल साठा. अमेरिकेतल्या मार्गदर्शकाने पाठवलेला त्याचा दुवा तिथे पूर्ण उघडतो, इथे फक्त शोध दाखवतो. दोन्ही खरं आहे. अमेरिकेत जुन्या पुस्तकांच्या कॉपीराइटची मुदत साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६०. हाथीट्रस्ट देश पाहून पान उघडतं आणि अमेरिकेबाहेर जास्त सावध राहतं. म्हणून १९१०-२० च्या दशकांतले अहवाल तिथे अडतात. पण तिथला शोध फार उपयोगी आहे: शब्द कोणत्या पानावर किती वेळा आला ते सांगतो. ते आकडे घेऊन त्याच अहवालाची आर्काइव्हवरची खुली प्रत उघडा. पूर्ण उघडणाऱ्या पुस्तकांतही सभासद नसलेल्याला बऱ्याचदा एकेक पानच उतरवता येतं, तेव्हा हवी तेवढीच पानं घ्या.

कुठेच मिळालं नाही तर डेलनेट हे ग्रंथालयांचं आपसांतलं जाळं आहे. कॉलेज सभासद असेल तर ग्रंथपाल दुसऱ्या ग्रंथालयातून छापील पुस्तक किंवा प्रकरणाची प्रत मागवू शकतात. अर्जात लेखक, वर्ष, आवृत्ती आणि नेमकी पानं लिहा. बंद पुस्तकातल्या शोधातून मिळवलेले आकडे इथे कामाला येतात. जुन्या मराठी पुस्तकासाठी हिराचंद नेमचंद वाचनालयातही चौकशी करावी. स्कॅनमधलं सुटलेलं पान छापील प्रतीतूनच भरून निघतं.

संदर्भ देताना स्कॅनचा आकडा आणि छापील पानाचा आकडा यांची गल्लत होते. आर्काइव्हच्या पत्त्यात आकड्याआधी ‘एन’ असेल तर तो स्कॅनमधल्या पानाचा क्रम आहे; मुखपृष्ठ, कोरी पानं, प्रस्तावना सगळं त्यात मोजलेलं असतं. तळटीपेत छापील पानाचाच आकडा द्या. नकाशा किंवा चित्राच्या पानावर आकडाच छापलेला नसेल तर ‘पृष्ठ ४० समोर’ असं लिहा. आणि एकाच गॅझेटिअरची दोन स्कॅन वापरली असतील तर कोणत्या प्रतीतून उतारा घेतला, ते टिपणात त्याच वेळी नोंदवून ठेवा.